मेणावरच्या चार ओळी

सकाळची प्रार्थना चालली होती. एमेरीचं तोंड आपोआप हलत होतं. मधेच त्याला आठवलं, पाटी उघडीच राहिली, आणि त्याच्या पाठीला दरदरून घाम फुटला.

ल्वार नदीकाठच्या त्या गावात लॅटिन कविता करावी तर एमेरीनंच. चर्चचा पाद्री, वय तिशीचं, डोकं तल्लख, जीभ जरा जास्तच. काल नदीपलीकडच्या मठातला जासूद आला होता. तिथल्या जोगिणींची थोरली बाई वारली होती. जासुदाच्या गळ्यात चामड्याची लांबलचक गुंडाळी. गावोगावच्या चर्चनं तिच्यासाठी त्यावर चार ओळी लिहायच्या. बिशपनं फर्मावलं, "एमेरी, तू लिही. रडू येईल असं लिही."

एमेरीनं मेणाच्या जोडपाटीवर लिहिलं. डाव्या पानावर रडू येईल असं. मग हाताला खाज सुटली आणि उजव्या पानावर भलतंच: बाई स्वर्गाच्या दारात पोचली, पण आत जाता येईना. पुढं आमचा बिशप अडकलाय. पोट आत जाईना, बाहेर निघेना. एकदा हसून घ्यायचं आणि मेण पुसून टाकायचं, एवढंच होतं. तेवढ्यात घंटा झाली.

प्रार्थना सुटताच तो लेखनिकांच्या खोलीत धावला. पाटीवरचं गुंडाळीवर उतरवणारा म्हातारा एर्मनो बोरू पुसत बसला होता. पुढ्यात पाटी, दोन्ही पानं उघडी.

"काका, हे..."

"उतरवलं की. आठच्या आठ ओळी."

"चार होत्या, काका. वाचलं नाहीत?"

"वाचायला डोळे कुठायत, बाळा? एकेक अक्षर बघायचं नि काढायचं. अर्थ तुम्ही शहाण्यांनी बघावा."

"गुंडाळी कुठाय? मी खरवडतो."

एर्मनोनं चाकू उचलून मांडीखाली दाबला. "वेडा झालास? मेल्या माणसाची गुंडाळी ती. तिला चाकू लावला तर तिच्या वाट्याची प्रार्थना कापली जाते. आणि जासूद घेऊन गेला सभेत. बिशप महाराज वाट बघतायत."

मागच्या वर्षी थिबो नावाच्या पाद्र्यानं बिशपच्या घोरण्यावर दोन ओळी केल्या होत्या. दोनच. थिबोच्या खोलीचं दार दगड-चुन्यानं बुजवलं. पाव सरकवण्यापुरतं भोक ठेवलंय. पहिले काही महिने तो आतून गायचा. हल्ली गात नाही.

पळावं का? फाटकावर शिपाई. तो सभेत जाऊन मागच्या बाकावर टेकला. शेजारी एर्मनो, आपलं अक्षर ऐकायला आलेला.

जासूद ठणठणीत आवाजात वाचायला लागला. पहिल्या चार ओळींना बिशपनं डोळे टिपले. पाचवीला हात थांबला. सहावीला पुढचे दोन पाद्री जमिनीकडं बघायला लागले. जासुदाला स्वतःला कळेतोवर आठवी संपली होती. रीतच अशी की वाचून झालं की सगळ्यांनी आमेन म्हणायचं. चाळीस जण सवयीनं म्हणून गेले.



"अक्षर कुणाचं?" बिशपनं विचारलं. आवाज चढला नाही, तेच वाईट.

एर्मनो धडपडत उठला. "माझं, महाराज. काही गळालं का?"

"थिबोच्या शेजारची खोली रिकामी आहे ना?"

म्हातारा हसला. त्याला वाटलं, कुणी पाहुणा उतरणार आहे. दोन शिपाई त्याच्याकडं निघाले.

एमेरीनं बाक घट्ट धरला. गप्प बसला तर सुटला. कोण विचारणार होतं? त्याला पाव सरकवायचं भोक दिसलं, त्यातून चाचपडणारा शाईनं माखलेला हात दिसला. तो उठला.

"अक्षर त्यांचं, महाराज. ओळी माझ्या."

आता कुठं एर्मनोला उमगलं. त्यानं एमेरीची बाही खेचली. "बस खाली, मूर्खा. माझं काय राहिलंय आता?" मग मोठ्यानं, "खोटं बोलतोय, महाराज. मीच जुळवल्या."

"तू?" बिशप म्हणाला. "जन्मात कधी एक ओळ केलीस?" त्यानं एमेरीकडं बोट वळवलं. "तुझ्या असतील तर पुढं म्हण. मी दारात अडकलो. मग?"

पुढचं एमेरीनं लिहिलंच नव्हतं. पण ते डोक्यात केव्हाच तयार होतं, हाच त्याचा रोग. दातांवर दात आपटत तो म्हणायला लागला. बाईनं बाह्या सरसावल्या, मागं खोळंबलेल्या संतांना हाक मारली, म्हणाली, चला रे, जोर लावा. आवाज फाटत होता, तरी एक मात्रा चुकली नाही.

शिपायांनी एर्मनोचा दंड सोडला. एमेरीचा धरला तेव्हा त्याची एक ओळ अजून बाकी होती. ती त्यानं चालता चालता पुरी केली.