गोळीआधी नमस्कार

२०१४च्या गणेशोत्सवात शामकांतकाका हसले आणि पुढच्या वर्षीचं स्टेज अनिमेषला मिळालं. पण हे अजून झालेलं नाही. वाचलंच नाही असं समजा.

तर अनिमेषने ठरवलं होतं, यंदा सिंगापुरात, बुकित तिमाहच्या कॉन्डोत आरतीआधी काउबॉयची नाटिका करायची. काउबॉयपटांची टर उडवणारा एक जुना इंग्रजी सिनेमा त्याने पुण्यात इतक्यांदा पाहिला होता की इंजिनिअरिंगचे दोन विषय राहिले. त्यात नायक ऐन द्वंद्वात थांबून प्रेक्षकांशी गप्पा मारायचा. नाटिकेतही तेच होतं. ती पडली तर पुढच्या वर्षी पुन्हा काकांचा स्लाइड शो, ‘जहाजाचा बॉयलर आणि आपण’. काका निवृत्त चीफ इंजिनिअर, मंडळाच्या कार्यक्रम समितीचे प्रमुख, आणि समितीत दुसरं कोणी नव्हतं.

तालीम काकांनी मख्ख चेहऱ्याने पाहिली. म्हणाले, हे तर टीव्हीवर सगळ्याच मालिकांत असतं. अनिमेषने समजावलं, की मालिकांनीच ते त्या सिनेमातून उचललंय, वर्षानुवर्षं उचलतायत.

“म्हणजे तू थेट मूळ मालकाकडून ढापलंस,” काका म्हणाले. “प्रामाणिक आहेस.”

कार्यक्रमाच्या दिवशी खलनायकाचं काम करणाऱ्या प्रसन्नचं जहाज बंदराबाहेरच अडकलं. तालीम पाहिलेले एकटे काकाच. त्यांनी हॅट चढवली, प्लास्टिकचं पिस्तूल घेतलं आणि उभे राहिले.

द्वंद्वाची वेळ आली. अनिमेष प्रेक्षकांकडे वळणार, तोच समोर काका दिसले आणि तो सवयीने वाकून पाया पडला. काकांनीही सवयीने त्याच्या डोक्यावर पिस्तूल ठेवलं.

“औक्षवंत हो.”

मग घोटाळा दोघांच्याही लक्षात आला.

“काका, घाला ना गोळी.”

“कशी घालू? आत्ताच आयुष्य दिलंय.”

“मग मी घालतो.”

“पाया पडून? घरी हेच शिकवलं?”

पहिल्या रांगेतून अनिमेषची बायको सुचित्रा शांतपणे म्हणाली, दोघांनी आधी जेवून घ्यावं. हॉल हसून लोळला. काकांनी तोंड दाबून पाहिलं, जमेना. हॅट पडली तरी त्यांचं हसू थांबेना. शेवटी गोळी कोणीच घातली नाही आणि आरतीला उशीर झाला.

स्लाइड शो काकांनी स्वतःच रद्द केला. आता ही गंमत तरी कोणी उचलू नये म्हणून त्यांनी मंडळाच्या शिक्क्यानिशी सगळ्या वाहिन्यांना कळवलं:

“यापुढे कोणत्याही मालिकेत द्वंद्वापूर्वी नमस्कार दाखवावयाचा असल्यास मंडळाची लेखी पूर्वपरवानगी घ्यावी, तसेच खलनायकाच्या भूमिकेसाठी वयाची अट शिथिल करून प्रस्तुत अर्जदाराचा प्रथम विचार व्हावा, ही नम्र विनंती.”