पडद्यावरची बारीक करिश्मा

अकोल्याच्या त्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर वजन उतरवून देणारे सूर्यभान सर, अंगात कोट, हातात मोबाईल. एकेक बाई वर जायची. वय, वजन, काल काय खाल्लं ते सांगायची. सर बटण दाबायचे, आणि मागच्या पडद्यावर तिचाच चेहरा, पण अंग निम्मं! खाली तारीख.

"या तारखेले तुमी अशा दिसान! माणूस खोटं बोलते, ॲप बोलत नाई!"

टाळ्यांचा कडकडाट. एकीने तर पडद्याला हात जोडले. माय माय!

मी मोर्शीच्या शाळेत विज्ञान शिकवते, जीभ आवरत नाही. उभी राहून विचारलं, "सर, ज्यांचं वजन उतरलं म्हणता, त्या सगळ्या पहिल्या आठवड्यातल्याच कावून? जुनी एकही दिसत नाई?"

"मॅडम, शंका घेणाराचं वजन उतरत नसते."

सभागृह हसलं. शेजारी बसलेली माझी भाची करिश्मा तेवढी हसली नाही. फेब्रुवारीत तिचं लग्न. मघाशी तीही वर जाऊन आली होती, आणि आता स्वतःच्या मोबाईलात घेतलेल्या ॲपमधल्या बारीक करिश्माकडे टक लावून बसली होती.

डिसेंबरात ललिताताईचा, म्हणजे तिच्या आईचा, फोन आला. "नीलम, पोरीले बाहेरचं लागलं वं. जेवत नाई. आरशाशी बोलते."

संत्री घेऊन तशीच ताईकडे निघाले. दारात उतरवून टाकलेलं लिंबू. "ताई, लिंबू कायले वाया घालवतं? सरबत तरी पाजायचं होतं पोट्टीले!" मी चिडून म्हटलं. पण आत करिश्माला पाहिलं आणि तिचा हात हातात घेतला. गालाची हाडं वर आलेली, हात गार.

"मावशी, ती रोज येते," करिश्मा हळूच म्हणाली. "मोबाईलातली. मी ताटावर बसली का समोर बसते. म्हणते, तू उशीर करून रायली."

खोटं कशाला सांगू, माझ्याही अंगावर काटा आला.

"पयल्या आठवड्यात बरोब्बर उतरलं. मंग अडकलं. चूक माहीच असंल. म्हणून कमी कमी केलं. आज एकच संत्रं खाल्लं, हे पाय."

तिने ते ॲपात लिहून बटण दाबलं. पडद्यावर ती बारीक बाई आणखी बारीक झाली आणि हसली.

"खालची बारकी ओळ वाच," मी म्हटलं.

"'रोज असंच खाल्लं तर.'"

"झालं! हेच त्याचं भाकीत. एक दिवस घ्यायचा आन् पुढं सरळ रेघ ओढायची." मी कागदावर तिच्या वजनाची तीच रेघ आखली आणि पट्टीने पुढे नेली. "हे तुहं लग्न. पुढं आषाढात आखाडीले तू शाळकरी पोरीएवढी. पोळ्याले तान्ह्या बाळाएवढी. आन् दसऱ्याले?"

करिश्माचं बोट रेघेच्या टोकाशी थांबलं. तिथे शून्य होतं.

"दसऱ्याले मी नसीन?" ती इतक्या बारीक आवाजात म्हणाली की ललिताताईने तोंडाला पदर लावला.

"तू असशीन, माय. ही रेघ खोटी हाय. पयल्या आठवड्यात उतरते ते बहुतेक पाणी. मंग खाणं तोडलं का शरीरही जपून खर्च करते. रेघेले ते कुठून समजणार? आन् सुरुवातीले तू काय लिहायची? भात, एक वाटी. ताई, गोळाभाताच्या बेसनगोळ्यांवर कढवलेलं तेल कोण ओतते?"

"ते काय खाणं हाय वं? ते तं वरून घेते मानूस!" ताई फणकारली.

"ऐक! वरचं तेल आपण वऱ्हाडी लोक जेवणात धरतच नाई. लिहिलेलं अर्धं, रेघ सरळ, आन् दोष पोरीच्या माथी!"

करिश्मा तेव्हा रडली. खूप रडली. दुसऱ्या दिवशी मी तिला डॉक्टरकडे नेलं. लग्नात तिने गोळाभात खाल्ला, वरचं तेल मागून घेऊन. पण अजूनही घास उचलताना कधी समोरच्या रिकाम्या जागेकडे पाहते. मला ते बघवत नाही.

सूर्यभान सरांचा पुढचा कार्यक्रम अमरावतीला आहे. वजन जरूर उतरवा, खाल्लेलं लिहा, डॉक्टरांना विचारा. पण तुमचाच चेहरा लावून कोणी पडद्यावर उभी राहिली आणि तारीख सांगू लागली, तर बाप्पा, हात जोडण्याआधी खालची बारकी ओळ वाचा. आणि रेघ शेवटपर्यंत ओढून बघा.