बाईमाणसाच्या गोळ्या

गंगावेशीजवळ डॉक्टर यज्ञेश्वर यांचा दवाखाना होता आणि तिथं मी, गणपतराव, कंपाउंडर. माझा आवाज मोठा. औषध कशासाठी आणि कधी घ्यायचं, हे मी खिडकीतून ओरडूनच सांगायचो. बऱ्याच जणांना वाचता येत नसे आणि हळू सांगितलेलं कुणी मनावर घेत नसे. यात काही चुकतंय असं मला तोवर कुणी म्हटलं नव्हतं.

बावन्न साली हातकणंगल्याकडचे आकाराम पाटील आले. एके काळचे पैलवान, झुपकेदार मिशा, पण कमरेच्या कळांनी बैलगाडीत आडवे घालून आणलेले. मिरजेला तपासणी झाली होती. मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा कॅन्सर हाडांत उतरला होता. डॉक्टरांनी त्यांना साध्या पांढऱ्या गोळ्या दिल्या. पाळी जायच्या वयात बायकांच्या अंगातून वाफा निघतात, त्यासाठी आम्ही त्या कधीच्या देत होतो. परदेशात नुकतं कळलं होतं, की ही गाठ पुरुषाच्या अंगातल्या रसावर पोसते आणि बायकांचं हे औषध तो रस दाबतं. रोग जात नाही, पण कळा थांबतात आणि दिवस वाढतात. छाती थोडी फुगेल, हे डॉक्टरांनी पाटलांना सांगितलं. गोळ्या मुळात कुणाच्या, हे मात्र त्यांच्या मिशा बघून टाळलं.

तीन आठवड्यांनी पाटील स्वतःच्या पायांनी आले. मी इतका खूश झालो, की पुडी देताना सवयीनं ओरडलो, "पाळी जायच्या गोळ्या, दिवसातनं तीन!"

बाकावरचे सगळे हसले. त्यात पाटलांच्या गावचे दोघे होते. पाटलांनी पुडी खिडकीतच ठेवली आणि निघून गेले.

महिना झाला तरी ते फिरकले नाहीत. डॉक्टरांनी मला फैलावर घेतलं आणि गोळ्या देऊन आगगाडीत बसवलं. वाटभर मला स्वतःची लाज वाटत होती.

पाटील पुन्हा बाजेवर पडलेले, तोंड भिंतीकडं. मी माफी मागितली, औषधाची सगळी हकिकत सांगितली. उपयोग शून्य.

"मरंन, पर बाईचं औषद खानार न्हाय," ते म्हणाले. "छाती फुगलीया, गाव हसतंय. मला बाई करायला निघालासा व्हय?"

त्यांची बायको बनाबाई चुलीपाशी भाकरी थापत होती. पिठाचे हात तसेच घेऊन ती बाजेशी आली.

"चाळीस वर्सं मी बाईच हाय की," ती म्हणाली. "सात बाळतपणं काढली, तुमच्या बरुबरीनं रान वडलं. कुटं कमी पडले? बाई हून जगाय लागलं तर जगा. गावाला हसू दे. मला तुमी जित्तं पायजे."

पाटलांनी भिंतीकडचं तोंड तिच्याकडं वळवलं. मी पुडी सोडून गोळी पुढं केली, तर त्यांनी माझा हात बाजूला सारला. मला वाटलं, संपलं सगळं.

"तुमी नगा देऊ," ते म्हणाले आणि बनाबाईपुढं हात पसरला. "तू दे. तुज्या हातनं घेतो."