तीन हातांचा माणूस

"कागदोपत्री तुम्हाला तीन हात आहेत," वकीलबाई म्हणाल्या.

पत्र्याच्या कारखान्यातल्या प्रेसवाल्याने आपल्याजवळचा माल पाहून घेतला. डावा हात शाबूत होता. उजव्याला अंगठा आणि करंगळी उरली होती, मधली जागा रिकामी.

"निरीक्षकांचा अहवाल आहे. दोन हातांनी दोन बटणं एकदम दाबल्याशिवाय साचा खाली येत नाही. दोन्ही बटणं ठणठणीत. मग साच्याखाली गेला तो हात कुणाचा?"

"माझाच की हो! एका बटणात लाकडाची पाचर ठोकलेली असते. मग एक हात मोकळा राहतो, पत्रा सरकवायला. सगळेच ठोकतात. नाही ठोकली तर सुपरवायझर विचारतो, आज जेवून आला नाहीस का?"

"मग पाचर गेली कुठे?"

पाचर घरच्याच माणसाने नेली होती. बायकोचा धाकटा भाऊ शेजारच्या प्रेसवर होता. भाऊजींना दवाखान्यात हलवल्यावर त्याने मशीन लख्ख पुसलं आणि पाचर भट्टीत टाकली. उगाच भाऊजींवर ठपका नको! पुरावा नाहीसा करायला लोक माणसं लावतात. इथे मालकाचं काम मायेपोटी परस्पर झालं होतं.

"रस्ते आहेत," वकीलबाई म्हणाल्या. "मालकाशी तडजोड, तो फोन उचलत नाही. दिवाणी दावा, तो तुमचा नातू जिंकेल. राहिला आपला भरपाईचा अर्ज. त्याला एक माणूस हवा. पाचर होती आणि सुपरवायझरला ठाऊक होती, एवढं म्हणणारा."

त्याच संध्याकाळी मेहुण्याला घरी बोलावलं.

"भाऊजी, तुमच्यासाठी जीव देईन."

"जीव तुझ्यापाशीच ठेव. साक्ष दे."

मेहुण्याने बहिणीकडे पाहिलं. ती भांडी घासत होती; जरा जास्तच जोरात.

"देतो की! त्यात काय एवढं!"

सुनावणीला मेहुणा इस्त्रीचा शर्ट घालून आला. समोरच्या बाकावर सुपरवायझर बसला होता, आणि तो मेहुण्याकडे पाहून प्रेमाने हसला.

"बटणात पाचर ठोकलेली तुम्ही पाहिली होती?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

मेहुणा म्हणाला, "पाचर म्हणजे काय, साहेब?"

वर्षानुवर्षं रोज सकाळी पाचर ठोकणाऱ्या माणसाने हे इतक्या निरागसपणे विचारलं, की क्षणभर प्रेसवाल्यालाच आपल्या स्मरणशक्तीची शंका आली. लेखनिकाने उत्तर टिपून घेतलं. अर्ज नामंजूर व्हायला टेबलावरचा पंखा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरायला लागतो तेवढाच वेळ लागला.

"वर अपील करता येतं," बाहेर येताना वकीलबाई म्हणाल्या.

"तिथे काय लागेल?"

"इथे लागलं तेच," म्हणून त्या पुढच्या पक्षकाराकडे वळल्या.

मेहुणा पायऱ्यांवर थांबला होता.

"भाऊजी, काल सुपरवायझर घरी आला होता. पोरांना खाऊ घेऊन. म्हणाला, तुमचा प्रेस मलाच देणार, जास्त पगारावर, फक्त... माझी दोन पोरं आहेत हो."

"हं."

"ताईला काय सांगू?"

"मी सांगेन."

प्रेसवाल्याच्या बुटाची नाडी सुटून लोंबत होती. घरी ती बायको बांधायची. बाहेर असला की मेहुणा. आताही तो सवयीने खाली वाकला.

"राहू दे."

प्रेसवाला पायरीवर बसला. नाडीचं टोक अंगठा आणि करंगळीत धरलं. ते निसटलं. पुन्हा धरलं. समोर बस आली, थांबली, निघून गेली. दोघांपैकी कुणीच चढलं नाही. मेहुणा उन्हात उभा राहिला, आपले धडधाकट हात कुठे ठेवावेत ते न कळून.