समोरच्याची बाजू

चामराजपेटेतल्या नरसिंहराव वकिलांच्या ऑफिसात वकील जास्त की विक्षिप्त जास्त, हा प्रश्नच गैरलागू होता; कारण माणसं तीच होती. भागीदार पुरुषोत्तम गुडघा दुखला की दावा दाखल करत नसत, आणि त्यांचा गुडघा नेमका कंटाळवाण्या कामाच्या दिवशी दुखे. खुद्द नरसिंहरावांचं खूळ मात्र कामाचं होतं. कोर्टात जाण्याआधी प्रत्येक खटला ऑफिसात लढायचा, आणि ज्याचा खटला त्यानंच समोरच्याची बाजू मांडायची, असा त्यांचा दंडक होता. ते स्वतः झोपाळ्यावर न्यायाधीश होऊन बसत आणि कोणी भरकटलं की अडकित्ता कडीवर आपटत.

"आपल्या खटल्याला भोक कुठं आहे ते आपणच शोधायचं," ते म्हणत. "समोरच्यानं दाखवलं तर नाक जातं."

या तालमीला पक्षकार मात्र आत नको, एवढं ते डोळ्यांत तेल घालून बघत.

सुचेता बेळगावची, नवी सनद घेऊन आलेली. घरी मराठी आणि बाहेर कन्नड अशा दोन्ही भाषांत भांडायची लहानपणापासूनची सवय. समोरच्याची बाजू तिच्या तोंडी दिली की पुरुषोत्तमांनासुद्धा आपलाच पक्ष खोटा वाटू लागे. पोरगी हुशार होती आणि आपण हुशार आहोत हे तिला जरा जास्तच ठाऊक होतं. त्या वर्षी, म्हणजे शहाण्णव साली, नरसिंहरावांनी तिला पहिला स्वतंत्र खटला दिला.

खटला सरळ होता. तानूबाईच्या आईनं खानावळ चालवून चामराजपेटेत छोटं घर घेतलं होतं. आई गेली. घरात भाऊ कृष्णात राहत होता. घर आईच्या नावावर, मृत्युपत्र नाही, म्हणजे निम्मा वाटा तानूबाईचा. कृष्णातनं कैफियतीत लिहून दिलं होतं की आईचं आजारपण त्यानं एकट्यानं काढलं, बहीण फिरकली नाही, आणि आई तिची वाट बघत गेली. कायद्यापुढे याचा काही उपयोग नव्हता. सुचेता मनातल्या मनात निकालाचे मांडे खात होती.

तेवढ्यात ऑफिसात टेलिव्हिजनवाले शिरले. दयानंद नावाचा निर्माता कसल्याशा भाडेकरारासाठी आला होता. दार लोटलेलं होतं, आत तालीम चालली होती. ऐकून तो हसता हसता खुर्चीतून घसरला. असल्या वेड्या वकिलांवर कन्नडमध्ये एक हसरी-रडवी मालिका काढायची, आणि तीही याच ऑफिसात, हे त्यानं तिथंच ठरवलं. नरसिंहराव आधी रागावल्यासारखे दिसले आणि मग त्यांनी झोपाळ्याला नवं पॉलिश करून घेतलं.

शूटिंग रविवारी असे. त्या रविवारी ज्युनियर वकिलीण झालेल्या नटीला काही केल्या जमेना. संवाद पाठ होते, पण ती आमटीची कृती सांगितल्यासारखी बोलत होती. दयानंदनं हात जोडले.

"सुचेता मॅडम, स्वल्प, जरासं, तुम्हीच करून दाखवा. तुमचा खराच एखादा खटला घ्या. ही बघेल."

इतक्या लोकांसमोर आग्रह झाल्यावर नाही कसं म्हणणार? शिवाय नाही म्हणायचं तिच्या मनातही नव्हतं. दिव्यांच्या झोतात तिला समोरचं काही दिसत नव्हतं. दुसऱ्या दिवशीचा खटला तिच्या जिभेवरच होता. नावं न घेता ती कृष्णात झाली.

"माझी आई अंथरुणावर होती," ती कन्नडमध्ये म्हणाली. "तिला न्हाऊ घालायला मी, भरवायला मी. पोटच्या मुलाकडून अंघोळ घालून घेताना ती लाजून डोळे मिटायची. दाराची कडी वाजली की विचारायची, पोरगी आली का? मी म्हणायचो, उद्या येणार आहे. मरेपर्यंत मी तिच्याशी खोटं बोललो. आता ती गेली, आणि पोरगी आली. आईला बघायला नाही, घर मोजायला!"

कॅमेरामननं टाळ्या वाजवल्या. नटीनं डोळे पुसले. दिवे विझले तेव्हा सुचेताला समोरचं बाक दिसलं. पक्षकारांच्या जागी बसवायला माणसं कमी पडली म्हणून दयानंदच्या लोकांनी दारात आलेल्या एका बाईला आणून बसवलं होतं. ती तानूबाई होती. उद्या कोर्टात किती वाजता यायचं, एवढंच विचारायला आली होती.

तानूबाई बाकावरून उठली. पदर सावरला आणि निघून गेली.

"हात दाखवून अवलक्षण," नरसिंहराव म्हणाले. अडकित्ता त्यांच्या हातातच राहिला होता.

सोमवारी कोर्टाच्या जिन्यापाशी तानूबाई भेटली. चेहरा शांत होता.

"बाई, दावा काढून घ्या. मला वाटा नको."

"अक्का, काल ते नाटक होतं," सुचेता घाईघाईनं म्हणाली. "आमची तशी पद्धत आहे. वाटा तुमचा हक्काचा आहे."

"नाटक कसलं? तुम्ही बोललासा ते खरंच हाय. मी गेले न्हाई. आई वाट बघत हुती, हे कोर्टाच्या कागदात लिवलेलं तुम्ही मला वाचून तरी कुठं दावलासा?"

सुचेतानं कशीबशी पुढची तारीख घेतली. त्या दिवशी तिला स्वतःची विलक्षण लाज वाटली. भाड्याच्या एका खोलीत राहणारी बाई, तिचा उभ्या आयुष्यातला एकच आधार, आणि तो तिच्याच वकिलानं चार टाळ्यांसाठी तिच्या हातून सोडवला. नरसिंहराव रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "पक्षकाराला समजावणं हेही वकिलाचंच काम. जा."

तानूबाई शहराच्या दुसऱ्या टोकाला, हेब्बाळला तळ्याच्या अलीकडे राहत होती. सुचेता गेली तेव्हा ती शेवया वाळत घालत होती. "बसा की," म्हणाली आणि पाट पुढं सारला. सुचेतानं कायदा समजावून सांगितला. आई गेली की मुलगा आणि मुलगी सारखे वारस, सेवा कोणी केली याला महत्त्व नाही. तानूबाईनं सगळं ऐकून घेतलं.

"हे कायद्याचं झालं. कृष्णाची बाजू कशी तोंडभरून मांडलीसा! तसं माझं सांगा बघू."

सुचेतानं तोंड उघडलं आणि तिला सांगण्यासारखं काहीच सापडेना. उतारे होते, वारसदाखला होता, आईच्या मृत्यूची तारीख होती. तू का गेली नाहीस, हा एक प्रश्न तिनं या बाईला कधी विचारलाच नव्हता. विचारायची गरज पडली नव्हती. खटला सरळ होता ना.

"तुम्ही का गेला नाहीत, अक्का?" तिनं हळूच विचारलं.

तानूबाई शेवया पसरत राहिली.

"नवरा मला टाकून गेला हुता. आईला म्हाईत न्हवतं. ती समजायची जावई मुंबईला नोकरीला हाय, लेक सुखात हाय. मी समोर जाऊन हुबी राहिले असते तर ती तोंड बघून वळखली असती. मरणाऱ्या माणसाला ते कशाला? म्हणून गेले न्हाई. मला वाटलं, कृष्णा हाय, ती वाट कशाला बघंल?"

सुचेतानं तिचा पिठानं भरलेला हात धरला.

"हे मी कोर्टात सांगू?"

"कोर्टाला काय करायचंय? कृष्णाला सांगा. माझ्यानं हुईत न्हाई."

समोरच्या पक्षकाराला परस्पर भेटायचं नसतं, म्हणून सुचेतानं आधी त्याच्या वकिलाला विचारलं. तो हसला आणि "खुशाल जा" म्हणाला.

कृष्णातचं पुस्तकबांधणीचं दुकान घराच्या पुढच्याच खोलीत होतं. सुचेता उभ्यानंच बोलली. या वेळी तिनं काही रंगवलं नाही, हातवारे केले नाहीत. तानूबाईनं जसं सांगितलं तसं, त्याच क्रमानं सांगितलं. कृष्णात खळ लावायचं थांबला होता.

"म्हंजे दाजी मुंबईला न्हवतेच?"

"नव्हते."

"आणि ती एकटीच हुती? आई हुती तेव्हाबी?"

"हो."

"वाट्याला मी कवा न्हाई म्हटलं हुतं?" तो एकदम चिडून म्हणाला. "नोटीस धाडली तिनं. सख्ख्या भावाला नोटीस! नुसती दारात आली असती तर किल्ली हातात दिली असती." मग त्याचा राग कुठं गेला कोण जाणे. खळीचे हात त्यानं अंगातल्या सदऱ्यालाच पुसले, अर्धवट बांधलेलं पुस्तक तसंच टाकलं आणि भरदुपारी दुकानाला कुलूप लावलं.

रस्त्यावर येऊन तो दोन्हीकडे बघत उभा राहिला.

"बाई," त्यानं विचारलं, "माझ्या बहिणीच्या घराकडं कुठली बस जाते?"