शून्यावरचा काटा

मचाणावर पाच माणसं होती, खाली साच्यांपाशी सहा. भरायचे साचे चौदा. भट्टीत नऊशे किलो पोलाद, एक हजार सहाशे दहा अंशांवर. आणि भट्टीच्या अस्तरातून किती वीज झिरपते ते दाखवणाऱ्या मीटरवर शून्य.

रेतनोने काचेवर टिचकी मारली. काटा हलला नाही. चेपर गावच्या या ओतशाळेत प्रोसेस इंजिनिअर म्हणून लागून तिला अकरा आठवडे झाले होते आणि मीटरची रोजची नोंद तीच करायची. काल एकतीस, परवा अठ्ठावीस. अस्तर झिजत जातं तसा आकडा चढतो. तो एकदम शून्यावर कसा येईल?

भट्टी सांभाळणारे पाक तुगिमान, म्हणजे तुगिमानकाका, मात्र खुशीत होते. सकाळी त्यांनीच तळाला नवा मसाला थापून डागडुजी केली होती. गोड चहाचे घोट घेत ते सांगत होते की बावीस वर्षांत असा तळ जमला नव्हता.

तळातून वर येणाऱ्या चार तारा मसाल्याबाहेर ठेवल्यात ना, असं तिने विचारलं.

"त्या होय? हाताला टोचत होत्या, म्बाक. वाकवून आत दाबल्या. तळ कसा आरशासारखा झालाय बघा." तिथे सगळे तिला म्बाक, म्हणजे ताई, म्हणत.

रेतनोने पुन्हा मीटरकडे पाहिलं. त्या तारा पोलादाला टेकल्या तरच मीटरला काही कळायचं. सकाळपासून तो आंधळा होता. अस्तराच्या पलीकडे तांब्याची नळी, नळीत थंड पाणी. पोलाद त्या पाण्याला भिडलं तर कसा स्फोट होतो, हे मचाणावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. जिना सात पावलांवर होता. सात पावलांइतका वेळ मिळाला नसता.

भट्टी लगेच आणीबाणीसाठीच्या खड्ड्यात रिकामी करू या, असं ती म्हणाली. आवाज तिला हवा होता त्याहून बारीक निघाला.

"शून्याला भिणारी इंजिनिअर पहिल्यांदाच बघतोय," तुगिमान बाकीच्यांकडे वळून म्हणाले. "कधी पेपरात पडलं होतं वाटतं?"

सगळे हसले. जागचं कुणी हललं नाही.

पुरावा दाखवायचा एकच मार्ग होता, आणि त्यासाठी भट्टीच्या तोंडाशी जावं लागणार होतं. तिने भट्टीची वीज बंद करायला लावली. मीटरची वीज वेगळी होती. दबलेल्या तारांऐवजी पोलादाला टेकवायला जमिनीला जोडलेली लांब सळई उचलली. पाय पुढे पडत होते, पण ते आपले नाहीत असं तिला वाटत होतं. सळईचं टोक पोलादात बुडवून तिने मान न वळवताच विचारलं, "किती?"

तिने वळून पाहिलं. काटा धोक्याची लाल रेघ ओलांडून पार टोकाला टेकला होता.

तुगिमाननी पेला खाली ठेवला. "म्बाक, मागे व्हा," ते हळूच म्हणाले. मग बाकीच्यांना त्यांनी नुसत्या हातानेच जिना दाखवला आणि स्वतः भट्टी कलंडवायच्या दांड्यापाशी उभे राहिले.

रेतनो जिन्याच्या तळाशी उभी राहून सेकंद मोजत होती. बहात्तराव्या सेकंदाला भट्टीतून शेवटची धार पडली.

दुसऱ्या दिवशी भट्टी निवल्यावर दोघांनी मिळून अस्तराची जाडी मोजली. नव्या अस्तराची असते सत्तर मिलिमीटर. मागच्या बाजूला, डागडुजीच्या काठापासून वीतभर वर, ती चार मिलिमीटर भरली.