पिवळ्या फडक्यावरचा तांबडा कौल

अठ्ठ्याण्णव साली कर्जतजवळच्या एका माळावर नुसती झुंबड उडाली होती! पुंजाराम महाराज म्हणे हळदीच्या ओल्या फडक्यावर हात टेकवून घेत आणि कापून काढलेला कॅन्सर परत येणार की नाही ते सांगत. फडकं तांबडं झालं, की येणार.

माझी आई केशरबाई. तिच्या मोठ्या आतड्यातली गाठ पुण्यात काढली होती, दुसऱ्या दिवशी, गाठ परत येऊ नये म्हणून द्यायच्या इंजेक्शनची तारीख होती. पण ती हटून बसली. "गोरक्षा, आदी कौल, मंग सुई."

रांगेत महाराजांचा चेला सहादू गोड बोलून एकेकाचं दुखणं काढून घेत होता. आईचं ऐकलं आणि त्यानं तंबाखूची चंची सोडली. "घ्या आजी, मळा चिमूटभर. लई लांबनं आलाय."

आईनं दोन्ही हात टेकले. फडक्यावर तांबडे डाग फुटले!

"आला रे आला!" महाराज गरजले. "सुया बंद! सुईनं तो चवताळतो. अकरा अमावास्या माझा अंगारा!"

आई मटकन खाली बसली. "आता म्या जगत न्हाई रं."

मी शाळेत विज्ञान शिकवतो. पण खोटं कशाला बोलू, मीही घाबरलो. फडक्याकडे बघायचा धीर होईना.

मग बघितलं. डाव्या हाताचा नुसता तळवा तांबडा, उजव्याचा नुसता अंगठा. अरे, ही तर तंबाखू मळायची जागा!

मी सहादूच्या चंचीतली चुन्याची डबी हिसकावली, तळव्यांना चुना फासला आणि हात आपटले. फडकं लालभडक.

"मला कसला कॅन्सर, महाराज? हळदीला चुना लागला की ती तांबडी होते. ज्याला घाबरवायचं, त्याला चंची!"

"मला बी त्यानंच तंबाखू दिलती की!" रांगेतली एक म्हातारी ओरडली. सहादू केव्हाच पसार झाला होता.

परतीच्या एसटीत आईनं विचारलं, "मंग माझं दुखनं येनार का न्हाई?"

"माहीत नाही, आई. डॉक्टर म्हणाले, गाठीतल्या पेशींची कोणती जनुकं जागी आहेत, ते वाचून अंदाज बांधायची खटपट शास्त्रज्ञ आता करतायत. पण तेही शंभरांत इतक्या जणांना परत येतो, एवढंच सांगतील. तुझं नक्की कुणालाच ठाऊक नाही. सुया चुकवल्या तर धोका वाढतो, एवढं मात्र खरं."

"मला लई भ्या वाटतंय रं."

"मलाही."

बायाबापड्यांनो, भ्यायला लाजू नका. पण उद्याचं छातीठोक सांगणारा भेटला, तर आधी त्याची डबी उघडून बघा. भीतभीत का होईना, दवाखान्यातच जा. आम्ही सकाळच्या पहिल्या एसटीनं तसेच गेलो.